टोचणी भीतीची की अपराधाची? माजी सैनिकांसाठी बोलण्याचे उपचार

"तुझी काही चूक नव्हती रे" हे घरातला प्रत्येक जण मायेने म्हणतो, आणि नेमक्या त्याच वाक्याने माजी सैनिक गप्प होतो. इंदूरला महूची छावणी इतकी जवळ की निवृत्तीनंतर इथेच घर केलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. पीटीएसडीवर, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहिलेल्या आघाताच्या आजारावर, कोणता उपचार घ्यावा, याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: झोप मोडते ती भीतीने की अपराधाच्या टोचणीने?

भीतीचे पारडे जड असेल तर प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर. साधारण 90 मिनिटांची 8 ते 15 सत्रे. डोळे मिटून प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा, रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज ऐकायचा. जोडीला टाळलेल्या जागांची शिडी, तिथे किती घालमेल होते त्याच्या 0 ते 100 गुणांची: सकाळचे छप्पन दुकान 30, दिवाळीतला राजवाडा 70, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, 95. घालमेल बरीच उतरेपर्यंत तिथून हलायचे नाही. ऐन भरात असताना निघून आले तर मन शिकते की पळालो म्हणून वाचलो. दोन खोल्यांच्या घरात रेकॉर्डिंग कुठे ऐकायचे, इथेच पुष्कळांचे गाडे अडते. उभ्या गाडीत इअरफोन लावून ऐकलेले चालते. आणि बराकीत सगळे हिंदीत घडले असेल तर सांगायचेही हिंदीतच. मराठीत आणताना प्रसंगाची धार जाते.

टोचणी मोठी असेल तर कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, बघावी. 12 सत्रे, प्रत्येक तासाभराचे. इथे प्रसंग पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा त्यातून काढलेला निष्कर्ष कागदावर तपासतात. समजा, एका हवालदाराने सकाळी 6:10 ला दुसरी गाडी पुढे काढायला सांगितली आणि 6:40 ला तिच्याखाली सुरुंग फुटला. "मी मारले त्यांना" हे त्याचे वाक्य. कागदावर दोन रकाने आखायचे: 6:10 ला काय ठाऊक होते, 6:40 नंतर काय कळले. रस्ता आदल्या दिवशी तपासलेला होता, हे पहिल्यात. सुरुंग रात्री पेरला, हे दुसऱ्यात. पश्चातबुद्धीने दुसऱ्या रकान्यातले पहिल्यात ढकललेले असते. मग हेतू कोणाचा, जबाबदारी किती, आणि आधी कळूच शकत नव्हते असे काय, हे वेगळे करतात. हे काम त्याच्याच हाताने व्हायला हवे. थेरपिस्टने घाई करून निर्दोष ठरवले की ते घरच्यांच्या वाक्यासारखेच वाया जाते.

2022 साली अमेरिकेत 916 माजी सैनिकांवर हे दोन्ही उपचार ताडून पाहिले. एक्स्पोजर आकड्यात किंचित पुढे होते, पण रुग्णाला जाणवेल इतके नाही. मात्र ते मध्येच सोडणारे सुमारे 56 टक्के, सीपीटी सोडणारे सुमारे 47. आमच्या मते निवडताना हाच आकडा मोलाचा: जो शेवटपर्यंत नेता येईल तो घ्यावा.

अपराधभावावरच बेतलेला, जेमतेम सहा सत्रांचा एक वेगळा उपचारही आहे, ट्रायगर नावाचा. त्यात वरच्या हिशेबाबरोबर आपली मूल्ये कोणती आणि त्यांना धरून आता कसे जगायचे, हेही येते.

पण खरोखर चुकीचे घडले असेल तर? निःशस्त्र माणूस मारला गेला, जखमी साथीदार मागे राहिला. तिथे हिशेबाने टोचणी पुसायला जाऊ नये. सैनिकाला ती सारवासारव वाटते. अ‍ॅडॅप्टिव्ह डिस्क्लोजर इथे कामी येते: मनातल्या मनात मृताशी, किंवा आपले भले चिंतणाऱ्या वडीलधाऱ्याशी, सगळे कबूल करून मोठ्याने बोलणे, आणि नंतर भरपाईचे प्रत्यक्ष काम. ते ठोस असावे: साथीदाराच्या घरी पत्र, त्याच्या मुलांच्या शिकवणीचा भार.

पहिल्या भेटीत थेरपिस्टला विचारा: यातले कोणते पूर्ण शिकला आहात? पीसीएल-5, म्हणजे पीटीएसडीची लक्षणे मोजणारी प्रश्नावली, दर एक-दोन आठवड्यांनी भरून घ्याल का? 20 प्रश्न, 80 गुण. 10 गुण उतरले तर फरक पडतोय असे धरतात. सहाव्या सत्रापर्यंत आकडा हललाच नाही तर कुठे अडकले ते उघड बोला, गपचूप येणे थांबवू नका. जगणे नकोसे वाटू लागले तर सत्राची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा.