दोन तासांच्या शुगरसाठी तीन खेटे

थोरल्या भावाला हार्ट अटॅक आला तेव्हा त्याला डायबेटिस नव्हता. धसका घेऊन मीही रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.९. रिपोर्ट देणारा म्हणाला, "तुम्हाला शुगर नाही." डॉक्टरांनी मात्र दोन्ही आकड्यांभोवती गोल केला. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. ६.५ पासून पुढे मधुमेह; पण हृदयाचा धोका काही ६.५ ची वाट बघत थांबत नाही, तो आधीपासूनच वाढत जातो. त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी लिहून दिली.

इथे गाडं अडलं. ग्लुकोज प्यायल्यावर काउंटरवरून सांगितलं, "दोन तासांनी या." मी बाहेर पडलो आणि भरपूर चालून आलो. आकडा आला १२८, म्हणजे नॉर्मलच्या १४० या मर्यादेच्या आत. मी खूश! डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दोन तास बसून होतात ना?" चालताना स्नायू साखर ओढून घेतात, त्यामुळे तो आकडा धरता येत नव्हता. बसून राहायचं असतं, हे सांगायला काउंटरवर किती वेळ लागला असता?

दुसऱ्या खेपेला खुर्ची सोडली नाही. तर नाव पुकारलं पस्तीस मिनिटं उशिरा. तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "थोडं इकडेतिकडे चालतं." नाही चालत! १४० ची मर्यादा बरोबर दोन तासांच्या आकड्यासाठी आहे. पुन्हा उपास, पुन्हा ते गोड पाणी.

तिसऱ्यांदा मी पहिल्या घोटाची वेळ चिठ्ठीवर लिहून घेतली, वेळ तिथूनच मोजतात. दहा मिनिटं आधी स्वतः जाऊन उभा राहिलो. आकडा १५२. पहिल्या रिपोर्टवर विसंबलो असतो तर हे कळलंच नसतं, याचा राग अजून जात नाही.

हो, आणि आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, मुद्दाम भात-पोळी तोडू नका. मधल्या वेळात सिगारेटही नको. रक्तात लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवा येऊ शकतो, ते डॉक्टरांना सांगा. बीपी आणि कोलेस्टेरॉलही सोबतच बघून घ्या, धोका एकट्या साखरेवरून ठरत नाही.

आता आठवड्याला १५० मिनिटं चालतो आणि वजन ७ टक्के उतरवायचं ठरवलंय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात एवढ्यानेच मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीची तपासणी आहे. दोन तास मी तिच्या शेजारी बसणार आहे.