विहिरींच्या फाइली आणि लघुप्रबंध : माझा अनुभव

सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमात लघुप्रबंधासाठी मी रोजगार हमीतल्या सिंचन विहिरी घेतल्या. मराठवाड्यात हा विषय गावोगाव आहे. जाहीर तक्त्यांत नुसते आकडे असतात; काम प्रत्यक्षात कसं झालं ते फाइलीत कळतं आणि ती मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज लागतो.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यायचा. ‘तालुक्यातील सर्व विहिरींची माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती संकलित नाही’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा मनरेगाच्या संकेतस्थळावरून एका गावाच्या, एका वर्षाच्या कामांचे संकेतांक काढून अर्जात टाकावेत. ‘विहीर अर्धवट का राहिली?’ असं विचारू नये. दप्तरातला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, मस्टर (मजुरांचा हजेरीपट), मापन पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही), टिप्पणी अशी नावं घेऊनच मागायचं. ग्रामसभेचा ठराव ग्रामपंचायतीत असतो, त्यासाठी वेगळा अर्ज.

सगळ्यात मोलाची मापन पुस्तिका, म्हणजे एम.बी. तिच्यात ६ मीटर व्यास आणि १२ मीटर खोली लिहिली असेल, तर खोदाई साधारण ३३९ घनमीटर भरली पाहिजे. माती, मुरूम, कठीण खडक यांचे दर वेगळे असतात, म्हणून कोणता थर किती मीटर दाखवलाय ते बघावं. मुरूम कुठे संपला आणि काळा पाषाण कुठे लागला हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. त्याला विचारून ताडून घ्यावं. टेप लावताना एक गडबड हमखास होते: बांधकाम झालेल्या विहिरीचा आतला व्यास खोदाईपेक्षा कमीच भरणार. गाळ साचला असेल तर खोलीही कमी दिसते. ही तफावत लगेच गैरव्यवहार म्हणून प्रबंधात लिहिणं हा त्या गावावर अन्याय आहे.

सरसकट प्रती मागण्याआधी अभिलेख पाहण्याची मागणी करावी. पहिल्या तासाला शुल्क नसतं. हवी ती पानं टिपून घेतली की प्रतीला पानामागे २ रुपये.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाहीच आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील. त्याचा निर्णय ३० ते ४५ दिवसांत व्हायला हवा. म्हणजे प्रबंध उन्हाळ्यात द्यायचा असेल तर अर्ज दिवाळीआधीच गेला पाहिजे. आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी, अपिलात तीच लागते. मुदत उलटून मिळालेल्या माहितीचे पैसे घेता येत नाहीत. कलम ७(६) तसं स्पष्ट सांगतं.

लाभार्थ्यांची नावं प्रबंधात देऊ नयेत आणि गट नंबरही गाळावेत. गावात गट नंबर सांगितला की शेत कुणाचं ते सगळ्यांनाच कळतं.