पेटीतली फळी अडकली ती रात्र

या चवथीत फोंडा तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक गणपतीच्या मंडपात आमचा शो होता आणि त्या रात्री मी पेटीत अडकले. तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढते.

मी जादूगार नाही. जादूगाराची असिस्टंट, म्हणजे करवतीखाली जी असते ती. मी १६ वर्षांची असताना मामीच्या कंबरेचं ऑपरेशन झालं, मामाला दुसरं कोणी मिळेना, तेव्हापासून २२ वर्षं मीच. एरवी एका दुकानात हिशेब लिहिते आणि शो असेल त्या दिवशी चार वाजता सुटते. लोकांना वाटतं असिस्टंट म्हणजे चमकीचा ड्रेस घालून हसायचं आणि हात दाखवायचे. कापायच्या खेळात करवत ओढणारा फक्त करवत ओढतो, बाकी सगळं आतली करते. कसं करते ते इथे सांगणार नाही, मामाला शब्द दिलाय आणि तो मोडायची मला स्वतःलाही इच्छा नाही.

पण एक सांगता येईल. आत वेळ लागतो.

मामा आता ७१ चा. तरुणपणी पुण्यात जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघून आला आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचलंच नाही. त्याचा कापायचा खेळ ११ मिनिटांचा. आधी संमोहनवाल्या, कांदोळीच्या आबे फारियाची गोष्ट, पणजीतल्या त्या पुतळ्यासारखे हात पसरून, मग पुढच्या लायनीतल्या एखाद्या पोराला बोलावून करवतीचे दात मोजायला लावायचे, मग बायकोवरचे दोन जोक, मग कुठे करवत. मी आत पडून हे सगळं ऐकते. मला ते पाठ आहे, म्हणजे शब्द नाही तर वेळ म्हणून पाठ आहे. फारिया कांदोळीहून निघाला की माझा डावा पाय, पोरगा बारावा दात मोजतो तेव्हा खांदा, पहिल्या जोकला हशा पडला की त्या आवाजात मोठी हालचाल. हशा कमी पडला तर मामा तोच जोक फिरवून परत टाकतो. तो प्रेक्षकांशी बोलतोय असं सगळ्यांना वाटतं, पण निम्मं तो माझ्याशी बोलत असतो.

बाबू, माझा मामेभाऊ, २६ चा. हात इतके स्वच्छ की मी समोर बसून त्याची पत्त्यांची पास, म्हणजे गड्डीतला पत्ता गुपचूप हलवणं, पकडू शकत नाही आणि मी २२ वर्षं हेच बघतेय. हॉटेलात, लग्नात टेबलाटेबलावर जाऊन करतो, न बोलता, आणि त्याला मामाच्या एका अख्ख्या शोपेक्षा जास्त पैसे मिळतात. मामा त्याला जादू म्हणतच नाही, 'चार माणसांत हात फिरवणं' म्हणतो. बाबूचं म्हणणं, लंडनला सेलबिट नावाच्या जादूगारानं बाई कापली १९२१ साली, शंभर वर्षं होऊन गेली, आणि आता सहावीतल्या पोराच्या फोनवर ती कशी कापतात त्याचे व्हिडिओ आहेत. त्याला ११ मिनिटं दिलीत तर तो करवत बघत नाही, पेटीची जाडी मोजत बसतो. तेव्हा फास्ट करा, म्युझिकवर करा, विचार करायला वेळच देऊ नका. मला हे पटतं. मंडपात पोरं आता खरंच पेटीच्या खाली वाकून बघतात, पूर्वी नव्हती बघत.

यंदा मामाच्या गुडघ्यानं दगा दिला म्हणून शो बाबूवर आला. त्यानं कापायचा खेळ ३ मिनिटं २० सेकंदांवर आणला, ट्रॅक बनवला, बोलणं शून्य. माझ्या वाट्याला ४० सेकंद. घरी हॉलमध्ये नऊ वेळा केलं आणि नऊही वेळा जमलं, दोनदा तर ३५ मध्ये. मीच त्याला म्हटलं होतं की होईल.

आता पेटीबद्दल थोडं. पेटी प्लायवूडची, मामानं कुर्टीच्या एका मेस्ताकडून करून घेतलेली, नंतर दोनदा रंगवलेली. आपल्याकडे पावसात प्लाय फुगतो. कपाटाचं दार सप्टेंबरात लागत नाही ना, तसंच. तर आत एक सरकती फळी आहे (कुठे ते सोडा), तिच्या कडेला मामा दर शोआधी मेणबत्ती घासायचा, साधी पांढरी, आणि मग हातानं दहा-बारा वेळा सरकवून बघायचा, डोळे मिटून, आवाज ऐकत. मला ते पूजेसारखं वाटायचं. त्या दिवशी टेम्पोवरची ताडपत्री एका बाजूनं उडाली, पेटी भिजली, आम्ही पोचलो तेव्हा आरती चालू, साउंडवाल्याला ट्रॅक द्यायचा, एलईडी स्क्रीन लागत नव्हती. मेणबत्ती राहिली. बाबू विसरला आणि मीही विसरले, सगळं त्याच्यावर ढकलणं बरोबर नाही.

शोचा पहिला भाग सुंदर झाला. बाबूनं पत्ते कॅमेऱ्याखाली धरून मोठ्या स्क्रीनवर दाखवले, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीच्या, खाली बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा माना वर करून बघत होत्या. मामा विंगेत खुर्चीवर, पाय स्टुलावर, चेहरा आंबट.

मग मी पेटीत. झाकण लागलं, ट्रॅक सुरू, मी सुरू, आणि फळी चार बोटं सरकून थांबली.

पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं. परत ढकलली. हलेना. आत काळोख, ओल्या प्लायचा वास, वर पत्र्यावर पाऊस आणि त्याच्यावर तो बेस, छातीत वाजत होता. आमची खूण आहे, दोन टकटक म्हणजे मी तयार, एक म्हणजे थांब. मी एक टकटक केली. परत केली. मग मुठीनं मारलं. बाबूपर्यंत काही पोचलं नाही, कसं पोचणार, त्या आवाजात मलाच माझं मारणं ऐकू येत नव्हतं. आणि मी मनात आकडे मोजत होते, ३१, ३२, आणि कळत होतं की ४० ला तो करवत उचलणार, कारण ट्रॅक थांबत नाही.

पुढचं बाहेरून काय दिसलं ते मला नंतर कळलं. आत मला फक्त एवढंच कळलं की म्युझिक मध्येच कापलं गेलं आणि मामाचा आवाज आला. मामानं लंगडत जाऊन साउंडवाल्याची वायर काढली होती आणि तो पाण्याचा लोटा घेऊन स्टेजवर आला, अंगात घरचा शर्ट, पायात चप्पल. वॉटर ऑफ इंडिया, लोटा रिकामा करायचा आणि थोड्या वेळानं परत त्यातूनच पाणी काढायचं. बंगालचे जादूगार पी. सी. सरकार हा खेळ अख्ख्या शोभर मधेमधे करायचे. मामा लोटा रिकामा करून बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याचा तळवा पेटीवर आला. माझ्या डोक्याच्या बरोबर वर. एकदा हलकेच थोपटलं. मला रडू आलं.

आणि मग आला फारिया, कांदोळीहून. मी डावा पाय घेतला. पोरगा आला, दात मोजायला लागला. मी टाच फळीला लावून जोर काढत होते, बोटाचं नख मुळापासून गेलं. मामानं त्या पोराला सांगितलं, चुकलास, परत पहिल्यापासून मोज. पहिला जोक. हशा. त्या हशात मी सगळं अंग घालून ढकललं आणि फळी कर्रकन गेली, तो आवाज कोणालाही ऐकू आला नाही. मी दोन टकटक केल्या. मामानं करवत बाबूच्या हातात दिली.

टाळ्या जोरात पडल्या. मंडळाचे लोक म्हणाले बापलेकाची एंट्री मस्त बसवलीय.

भांडण टेम्पोपाशी झालं. मामा थरथरत होता. त्यानं १९५६ ची ती बीबीसीची गोष्ट काढली, जी तो नेहमी सांगतो. पी. सी. सरकारांनी लाइव्ह कार्यक्रमात मुलगी कापली, तेवढ्यात वेळ संपला, निवेदक पुढे आला आणि कार्यक्रम बंद, आणि मुलगी मेली म्हणून लोकांचे फोनवर फोन. "वेळ घड्याळात नसतो, स्टेजवर असतो," मामा म्हणाला. बाबू म्हणाला, मेण लावलं असतं तर काहीच झालं नसतं, त्यात स्टाइलचा काय संबंध? आणि म्हणाला, तुमचे ते बायकोचे जोक, पुढच्या लायनीतली एक बाई हसत नव्हती, मी बघत होतो.

हे खरं आहे. आतून चेहरे दिसत नाहीत, पण हशा कोणाचा ते कळतं. पहिली काही वर्षं बायकासुद्धा हसायच्या. आता नुसते पुरुषांचे आवाज येतात, तेही मागून. "हिला कापली तरी तोंड चालूच राहील." हे वाक्य मी २२ वर्षं पडून ऐकलंय आणि मला ते कधीच आवडलं नाही, मामाला सांगितलंही नाही, कारण त्या हशाशिवाय मी हलू शकत नाही. त्या रात्री त्याच वाक्यानं मला बाहेर काढलं. ह्याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

दोघं अर्धा तास भांडले, लोकांना काय आवडतं ह्यावर. माझ्या बोटाला रुमाल गुंडाळलेला. शेवटी मीच म्हटलं, मला ९० सेकंद पाहिजेत, बोला नाहीतर गाणं लावा, पण ९० पाहिजेत आणि टकटक ऐकू आली पाहिजे. दोघं गप्प.

बाबूनं त्याच रात्री ट्रॅक परत कापला. फोन करून म्हणाला, ९० दिलेत, पण ती पोकळी आहे, तिथे नुसतं म्युझिक पडून राहतं. आणि मग म्हणाला, ताई, तूच बोल ना. आत छोटा माइक लावतो, कापताना तू बोल. मामाला कळल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "कापली जाणारी कधी बोलते काय गो?"

पुढचा शो कोजागिरीला आहे. दुकानातल्या एका बिलाच्या मागे मी आठ ओळी लिहिल्यात, दोघांनाही दाखवलेल्या नाहीत. सुरुवात फारियापासूनच केलीय, डावा पाय त्याच्याशिवाय उठत नाही. काल रात्री दार लावून, पेटीत असते तशी जमिनीवर पडून मोठ्यानं म्हणून बघितलं. ५५ सेकंदांपर्यंत श्वास पुरतो. त्यानंतर आवाज चिरका होतो आणि पडून बोलतेय ते कळतं. मेणबत्त्या दोन आणून ठेवल्यात.