चाचणी थांबवण्यासाठी आणखी चाचण्या मागतात तेव्हा

जनावरांच्या निष्क्रिय (मारलेल्या जंतूंच्या) लसीची प्रत्येक बॅच बाजारात सोडण्याआधी ती सुरक्षित आहे का हे, लस ज्या जातीसाठी आहे त्या जातीच्या जनावरांना टोचून पाहायचं, या सक्तीतून सूट मिळते. निकष व्हीआयसीएच या पशुऔषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या जीएल 50 या मार्गदर्शिकेत आहेत. जिवंत लसींसाठी जीएल 55, प्रयोगशाळेतल्या छोट्या प्राण्यांवरच्या बॅच चाचणीसाठी जीएल 59. माझा अर्ज जीएल 50 खालचा होता. मास्टर सीड (लस ज्यापासून बनते तो मूळ जंतुसाठा), निष्क्रियीकरणाची पडताळणी, जीएमपी (चांगल्या उत्पादनपद्धतीचे नियम) हे सगळं विनासायास पार पडलं. अडलं ते बॅचच्या संख्येवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

साधारणपणे किमान 10 बॅचचे निकाल द्यावे लागतात. पण 3 वर्षांत 10 बॅच निघालेल्याच नसतील तर 5 पुरतात, हेही त्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. कमी खपाच्या लसीला एरवी सूट मिळणारच नाही, म्हणून ही तरतूद. तरीही नियामकाचं त्रुटीपत्र आलं की 10 पूर्ण करा. म्हणजे जनावरांवरची चाचणी थांबावी म्हणून आणखी जनावरं घ्यायची! तिकडे फाइल टेबलावर पडून, आणि इकडे निघालेली प्रत्येक बॅच नियमाप्रमाणे टोचली जातेच. या विलंबाची किंमत कागदावर कुठेच दिसत नाही.

अशा वेळी नुसता 5 बॅचच्या तरतुदीचा परिच्छेद उद्धृत करून काम भागत नाही. तपासणाऱ्याच्या मनात खरी शंका असते ती निवडून चांगल्या बॅच दाखवल्याची. म्हणून 3 वर्षांतल्या सगळ्या बॅचची यादी जोडा: क्रमांक, उत्पादनाची तारीख, निकाल, नाकारलेल्या बॅचसुद्धा. क्रमात एकही खाडा दिसता कामा नये. रीटेस्ट झालेली बॅच अजिबात लपवू नका. पहिला निकाल, शोधलेलं कारण आणि रीटेस्टचा निर्णय एकत्र लावा.

दुसरं म्हणजे ‘पास’ एवढ्या शब्दाला काही किंमत नाही. प्रत्येक जनावराची स्वतंत्र नोंद हवी: टोचण्याआधीचं आणि नंतरचं तापमान, टोचल्या जागेची सूज किती सेंटिमीटर, किती दिवसांनी ओसरली, खाणंपिणं कसं होतं. हे आकडे मूळ नोंदवहीतून काढायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज लिहायच्या आधीच कामाला लागा.

मुळात ही चाचणी फारसं काही पकडत नाही, हे अर्जासोबतच्या तज्ज्ञ अहवालात आकड्यानिशी मांडा. प्रतिक्रिया 1 टक्का जनावरांत येत असेल, तर 2 जनावरांच्या चाचणीत ती दिसण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के. ती कळते प्रत्यक्ष वापरातून. म्हणून फार्माकोव्हिजिलन्सच्या (विक्रीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदींच्या) तक्त्यात तक्रारींशेजारी विकलेले डोस असलेच पाहिजेत, नाहीतर त्या तक्रारींचं प्रमाण काढता येत नाही. युरोपियन फार्माकोपियाने (युरोपच्या अधिकृत औषध-मानकसंहितेने) ही चाचणी 2013 मध्येच आपल्या मोनोग्राफांतून, म्हणजे एकेका लसीच्या मानकांतून, काढून टाकली, हाही मुद्दा घाला.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: बहुघटक (एकाहून जास्त जंतूंविरुद्धची) लस असेल आणि तिच्यातलेच कमी घटक घेतलेली दुसरी लस असेल, तर मोठीची माहिती छोटीला वापरता येते. अट एवढीच की अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा पदार्थ) आणि बाकीचे घटक सारखे हवेत. इथे बरीच जनावरं वाचतात.

सूट कायमची समजू नका. उत्पादन प्रक्रियेत मोठा बदल केला किंवा वापरात अनपेक्षित प्रतिक्रिया दिसू लागल्या, तर चाचणी पुन्हा मागितली जाऊ शकते, आणि ते योग्यच आहे. लस निर्यात होत असेल तर तिथल्या नियामकांकडेही एकाच वेळी अर्ज टाका. एका आयातदार देशाची अट उरली तरी त्याच्यासाठी बॅच टोचावीच लागते.

मंजुरीचं पत्र हाती पडलं तेव्हा मला फार हायसं वाटलं, पण तुम्ही ते मिळताच लगेच बॅच रिलीजचं स्पेसिफिकेशन (बॅच सोडण्याआधीच्या चाचण्यांची यादी) बदलायला घ्या. ते जुनंच राहिलं, तर सूट असूनही गुणवत्ता विभागाला पुढच्या बॅचसाठी जनावरं मागवावी लागतात.