ओहोटी नसलेला समुद्र

नीस, शनिवार, २४ जानेवारी

आईचा नव्वद दिवसांचा व्हिसा संपत आला आणि नेदरलँड्समध्ये तिला ऊन दिसलं ते सगळं मिळून आठवडाभर. म्हणून हा दक्षिण फ्रान्सचा घाट. लेक अजून चारची व्हायचीय, त्यामुळे शाळेची अडचण नाही, आणि भाडं उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी. घरमालकाने हीटर आहे म्हणून कळवलं होतं. आहे. भिंतीवर आहे. फरशी इतकी गार की आईने मोज्यांवर मोजे चढवले.

पण समुद्रावर गेलो आणि सगळं माफ. लेकीने फावडं-बादली आणली होती, आणि इथे वाळूच नाही! नुसते करडे, गुळगुळीत गोटे. लाट मागे सरते तेव्हा पोत्यातून सुपाऱ्या ओतल्यासारखा आवाज येतो. पाच मिनिटं भोकाड, मग बादलीत गोटे भरणं सुरू.

आई गुहागरची. तिचं घड्याळ अजून भारतातल्या वेळेवर आहे, बदलू देत नाही. मला इथले किती वाजले विचारलं आणि बोटांवर हिशेब केला. "आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे आत्ता भरती. उद्या सव्वाअकराला ओहोटीला येऊ, लांबवर चालता येईल."

या समुद्राला ओहोटी जवळजवळ नसते, हे मी सांगितलं. तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प बसले.

रविवार, २५ जानेवारी

सव्वाअकराला हजर. पाणी कालच्याच जागी. आई खाली उतरून कालचा ओला गोटा कुठला, हे शोधत होती. मी पुन्हा समजावलं: भूमध्य समुद्र जवळपास चहूबाजूंनी बंद, अटलांटिककडचं जिब्राल्टरचं तोंड जेमतेम १४ किलोमीटरचं, एवढ्याशा फटीतून चंद्र ओढणार किती? पाणी फार तर वीतभर वरखाली. "मग तळं म्हण की," म्हणाली. तेवढ्यात सत्तरीच्या दोन बायका पोहायच्या कपड्यांत शांतपणे पाण्यात शिरल्या. पाणी १३-१४ अंश असेल. तळ्याविषयीचं मत जरा मवाळ झालं.

बाराला टेकडीवरून धाडकन बार. लेक मला चिकटली. ही रोजची दुपारची तोफ. म्हणतात, १८६०च्या दशकात इथे राहणाऱ्या एका स्कॉटिश साहेबाच्या बायकोला गप्पांच्या नादात जेवणाची वेळ कळायची नाही, म्हणून त्याने ती सुरू करवली. (नवरा हे ऐकून जरा जास्तच हसला.)

मजा अशी की आम्ही ज्याला ऑफ-सीझन म्हणून स्वस्तात आलो, तोच इथला मूळ सीझन. १८२०-२१च्या कडक थंडीत कामधंदा बुडालेल्या लोकांना रोजगार मिळावा म्हणून हिवाळ्याला आलेल्या इंग्रजांनी पैसे उभे करून किनाऱ्याने वाट बांधायला घेतली. तोच आजचा प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता. उन्हाळ्यात हॉटेलं चक्क बंद असत. उन्हात अंग भाजून घ्यायला इथे यायची टूम निघाली ती १९२०नंतर. व्हिक्टोरिया राणीसुद्धा वसंतातच यायची, वरच्या सिमिए भागात, आणि सोबत तिचा हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीम. तेव्हा स्वेटर घालून या समुद्राकडे बघणारे आम्ही काही पहिले हिंदुस्थानी नव्हे.

आईला यात नवल वाटलं नाही. "आपल्याकडे पावसात कोणी येत नाही, पण समुद्र बघावा तर तेव्हाच," एवढंच.

मंगळवार, २७ जानेवारी

काल पिशव्या घेऊन कूर सालेयाच्या बाजारात गेलो, तर भाजीच्या जागी चांदीचे चमचे आणि बंद पडलेली घड्याळं. सोमवारी तिथे जुना बाजार भरतो. आज भाजी मिळाली. शिवाय पिवळ्या गोंड्यांच्या जुड्या. इथे मिमोझा म्हणतात, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आईने वास घेतला. "ही तर बाभूळ! पैसे देऊन घेतात?" चुकली नाही, कूळ तेच. एक जुडी घेतली.

दुपारी सोक्का. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. आईने तीन तुकडे खाल्ले आणि मग निकाल दिला: "धिरडं चांगलंय. कांदा राहिला."

मांतों, बुधवार, २८ जानेवारी

आगगाडीने मांतोंला, पाऊणएक तासात. पुढचं मोठं स्टेशन इटलीत. निम्म्या खाणावळींवर वार्षिक सुट्टीची पाटी, म्हणून बाकावर बसून पाव-चीज. फेब्रुवारीतल्या लिंबू-उत्सवासाठी बागेत लोखंडी सांगाडे उभे राहतायत. त्यावर लिंबं-संत्री एकेक करून रबराने बांधतात. त्यातली बरीचशी स्पेनहून येतात म्हटल्यावर आईचा विरस झाला. पण भिंतींवरून डोकावणारी खरी मांतोंची लिंबं पाहून खुलली. बाजारातून किलोभर घेतली. लोणचं घालायचा बेत आहे, व्हिसाचे दिवस कितीही उरलेले असोत.

जेवून समुद्रावर. लेक पाण्यात गोटे टाकून मोजत होती, अकरानंतर थेट वीस. तीन वाजता आईने मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

"तिकडे साडेसात. दशमी आज. पाणी सुरूच्या बनाला लागलं असेल."