तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, रोज डबा कशासाठी नेते

गल्लीतले विचारतात, "वहिनी, त्या आजीला रोज डबा नेताय, तुमच्यात ह्याचं काय असतंय ओ?" आणि चर्चमधले विचारतात, "एवढी प्रीती आणता कुठनं?" गल्लीतल्यांना वाटतं मला तिला ख्रिश्चन करायचंय, मंडळीतल्यांना वाटतं मी फार मोठ्या मनाची. इतकी वर्षं दोघांनाही हसून टाळलं, आता एकदाच काय ते सांगते.

तिला मी कधी चर्चला चल म्हटलेलं नाही. तिच्या देव्हाऱ्यात अंबाबाई आहे, जोतिबा आहे, डबा मी त्याच्या शेजारच्याच फळीवर ठेवते. तरी तुमचा संशय कुठनं येतो ते मला कळतं. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, त्यामागं येशूचं शुभवर्तमान सांगायचा हेतू होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. माझी पणजी मिशनच्याच शाळेत अक्षरं गिरवायला शिकली. त्यामुळं मनात हेतू असणं हाच गुन्हा, असं मला कुणी ऐकवू नका. माझी अडचण वेगळीच आहे, माझा हेतू काय आहे हे मलाच धड माहीत नाही.

२०१९ चा पूर काय सांगायचा तुम्हाला, धोका पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. शाळेच्या हॉलमध्ये आम्हा दोघींच्या चटया शेजारी शेजारी होत्या. घरी परतल्यावर तिची शेगडी चिखलात गेलेली, म्हणून दोन दिवस डबा दिला आणि मग तो देतच राहिले. पुढं चर्चच्या महिला मंडळात साक्ष दिली की प्रभूनं माझ्या मनात प्रीती घातली. बायकांचे डोळे भरून आले, माझेपण. दान देताना कर्णा वाजवू नका असं येशूनं सांगितलंय, ते मला त्या दिवशी आठवलंच नाही.

मग मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. डबा देऊन निघाले आणि छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतनं परत फिरले. दार नुसतं लोटलेलं. आजी पाटावर बसलेली, पुढ्यात माझी दोडक्याची भाजी, बाजूला मिठाची बरणी, आणि ती चिमटीनं मीठ घालून बोटानं भाजीत कालवत होती. मला बघितलं आणि बरणी पटकन पदराखाली घेतली. चोरी पकडल्यासारखी.

"मीठ कमी झालंय काय आजी?"

"न्हाई गं." मग जरा थांबून म्हणाली, "पयल्यापासनंच कमी असतंय. तू एवढी पावसापाण्याची येतीस, कशाला बोलायचं. मी घेतो की वरनं."

आमच्या ह्यांना बीपी आहे, घरात सगळं अळणीच होतं. तिच्यासाठी चिमूटभर मीठ वेगळं घालावं हे इतक्या वर्षांत एकदासुद्धा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उरलंसुरलं कधी नेलं नाही हां, आधी तिचं काढून मगच आम्ही जेवायचो, पण तिच्यासाठी म्हणून मी काही शिजवलेलंच नव्हतं. आणि त्या क्षणी मला लाज नाही वाटली, राग आला. एवढं करतेय मी, आणि हिला मीठ दिसतंय, असा. पुढचे तीन दिवस मी गेले नाही, गुडघा दुखतोय म्हणून पोराला पाठवलं. गुडघा दुखत नव्हता.

त्याच दिवसांत बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, तेरावा अध्याय काढून बसले. सगळं धन गरिबांना खाऊ घातलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही, असं पौल तिथं म्हणतो, आणि पुढं लगेच प्रीती चिडत नाही, स्वार्थ बघत नाही. मी तर चिडून बसलेली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुमचा हेतू शुद्ध होईस्तोवर त्या आजींनी काय उपाशी राहायचं काय? पटलं. पण ते ऐकून मला जी सुटका वाटली ना, तीच मला अजून खटकते.

साक्ष देणारी मी खोटं बोलत होते का? तेव्हा ते खरंच वाटत होतं, आणि कदाचित थोडं खरं असेलही. आता माझा हेतू किती मळका आहे ते सांगत सुटायचं, हापण एक कर्णाच आहे की काय अशी भीती वाटते, हे लिहितानासुद्धा.

चौथ्या दिवशी तिच्यापुरती भाजी वेगळी काढून, मीठ घालून घेऊन गेले. तिनं डबा उघडलाच नाही. वाटीत खोबरेल तेल कोमट करून ठेवलेलं होतं, बहुतेक माझी वाट बघत. मला पाटावर बसवलं, स्वतः कशीबशी खाली टेकली आणि म्हणाली, "कुठला गं?"

मी उजवा गुडघा पुढं केला.