पार्किन्सन्स थांबवणारं औषध अजून का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुम्ही पार्किन्सन्सवर रिसर्च करता ना, मग एवढी वर्षं झाली तरी औषध का नाही सापडत?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही विचारला जातो. आणि विचारणारा बहुतेक वेळा सहज विचारत नसतो, त्याच्या घरात कुणाच्या तरी हातातला चहाचा कप हिंदकळत असतो. म्हणून उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर द्यायला मला आवडत नाही, इथे नीट लिहिते.

आधी हे सांगते की औषध आहे. लेव्होडोपा. १९६० च्या दशकात आलं आणि आजही त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक छोटासा काळसर पट्टा असतो, तिथल्या डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात, मग हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात थरथरतो. लेव्होडोपा मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं आणि अडकलेला माणूस परत चालू लागतो. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांमध्येही हेच लेव्होडोपा असतं, त्यामुळे "चूर्ण दिलं तर चालेल का" असं मला खूप जण विचारतात. पण चुर्णात ते नेमकं किती आहे हे कळत नाही आणि गोळ्या चालू असतील तर डोस दुप्पट होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना न सांगता प्लीज देऊ नका.

पण लेव्होडोपाने पेशी मरायच्या थांबत नाहीत. तुम्ही विचारता ते औषध म्हणजे हे मरणं थांबवणारं, आणि ते जगात कुठेच नाही. अमेरिकेत आहे आणि आपल्याकडे यायचंय असंही नाही.

याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण फार उशिरा पोचतो. हात थरथरतोय म्हणून पेशंट न्यूरॉलॉजिस्टकडे जातो तोपर्यंत त्या पट्ट्यातल्या साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, कित्येकांत दहा-पंधरा वर्षं आधी झालेली असते. वास येणं कमी होतं, बद्धकोष्ठता होते, झोपेत स्वप्न पडलं की माणूस खरोखरच हातपाय झाडतो, ओरडतो. (बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला पार्किन्सन्स होत नाही, बहुतेकांना होत नाही, उगाच घाबरू नका.) म्हणजे औषधाची ट्रायल आम्ही ज्यांच्यावर करतो त्यांचा आजार पंधरा वर्षं पुढे गेलेला असतो आणि ती पंधरा वर्षं आम्ही पाहिलेलीच नसतात.

मग ती लॅबमध्ये पाहायची तर कशात पाहायची? उंदराला हा आजार आपणहून होत नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं अचानक म्हाताऱ्या पेशंटसारखी ताठरून गेली, हलता येईना, बोलता येईना. विल्यम लँग्स्टन नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने शोधून काढलं की त्यांनी नशेसाठी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाचं विष होतं आणि ते नेमकं याच पेशी मारतं. तेव्हापासून जगभर तेच विष उंदरांना देऊन औषधं तपासली गेली. उंदराच्या पेशी काही दिवसांत मरतात, आधी औषध दिलं तर वाचतात, पेपर छापला जातो. अशी कितीतरी औषधं उंदरात चालली आणि माणसात एकही चाललं नाही, कारण उंदरात ते आठवड्याभराचं विष होतं आणि माणसात वर्षानुवर्षं हळूहळू चाललेली गोष्ट असते.

त्या हळू चालणाऱ्या गोष्टीत मुख्य पात्र आहे अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन. मेलेल्या पेशंटच्या मेंदूत दिसणाऱ्या गुठळ्या फ्रिट्झ लेवीने १९१२ मध्येच पाहिल्या होत्या, पण त्या प्रामुख्याने याच प्रोटीनच्या आहेत हे कळायला १९९७ साल उजाडावं लागलं. पंच्याऐंशी वर्षं! त्याच साली एका इटालियन घराण्यात आणि काही ग्रीक कुटुंबांत याच प्रोटीनच्या जीनमधला दोष सापडला. त्यामुळे "एवढी वर्षं" म्हणताना माझ्या हिशेबात खरी सुरुवात १९९७ पासून धरावी.

माझं काम इथे येतं. पेशंटच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर करून दाखवलेल्या पद्धतीने त्या मागे नेऊन स्टेम सेल (जिच्यापासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनवता येते अशी पेशी) करायच्या (त्याला २०१२ चं नोबेल मिळालं) आणि मग त्यांना पुढे नेत नेत त्याच पेशंटचे डोपामिनचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, डिशमध्ये वाढवायचे. स्टेम सेलपासून न्यूरॉन व्हायलाच महिना-दोन महिने जातात. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि स्टेम सेल ज्यात वाढतात ते पोषक द्रव (मीडिया) रोज बदलायचं, रविवार असो की गौरी-गणपती, आम्ही आपसात पाळ्या लावून घेतो. मध्येच इन्क्युबेटरमध्ये फंगस शिरलं तर सगळं फेकून पुन्हा सुरू. पण रंग देऊन (स्टेनिंग करून) कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली त्या पेशी पहिल्यांदा उजळून दिसतात, लांबच लांब फांद्या पसरलेल्या, तेव्हा मला दर वेळी भरून येतं, कारण हा माणूस बाहेर ओपीडीत बसलाय आणि त्याच्या मेंदूत असतात तसे न्यूरॉन मी इथे जिवंत पाहतेय.

अडचण अशी की पेशी मागे नेताना त्यांचं वयही पुसलं जातं. सत्तर वर्षांच्या आजोबांच्या रक्तातून केलेला न्यूरॉन जन्माआधीच्या बाळाच्या न्यूरॉनसारखा असतो. म्हातारपणी होणारा आजार कोवळ्या पेशीत शोधायचा. तरी त्यात काही बिघाड लवकर दिसतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात, पेशीचा कचरा साफ करणाऱ्या यंत्रणेत, आणि माझा अंदाज आहे की त्या न पाहिलेल्या पंधरा वर्षांच्या सुरुवातीचं काहीतरी तिथेच आहे.

ट्रायल फसतात तेही सांगते. एक्झेनेटाइड हे डायबेटिसचं इंजेक्शन, २०१७ च्या छोट्या ट्रायलमध्ये आशादायक वाटलं होतं. मग ब्रिटनमध्ये १९४ लोकांवर जवळजवळ दोन वर्षं मोठी ट्रायल झाली आणि २०२५ मध्ये निकाल आला की काहीच फायदा नाही. मला खरंच वाईट वाटलं. ते लोक दर आठवड्याला स्वतःला टोचून घेत होते, त्यातल्या निम्म्यांच्या इंजेक्शनमध्ये औषध नव्हतंच, आणि तसं असू शकतं हे माहीत असून ते आले होते.

आशा मला दुसरीकडून वाटते. २०२३ मध्ये हजारावर लोकांच्या मणक्यातल्या पाण्यावर एक टेस्ट तपासली गेली, त्यात बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लिन बहुतेक पेशंटमध्ये पकडता आलं, आणि हात थरथरायच्या आधीच्या काही लोकांतही. म्हणजे वेळेत पोचायची वाट आता दिसायला लागलीय.

आणि "अमुक ठिकाणी पैसे भरून स्टेम सेल टोचतात, करू का?" नको. जपानमधल्या क्योटोमध्ये सात पेशंटच्या मेंदूत लॅबमध्ये बनवलेल्या डोपामिन पेशी घातल्या, त्याचे निकाल २०२५ मध्ये आले, चांगले आहेत, पण ती सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे पार्किन्सन्ससाठी स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच देता येतात, विकता येत नाहीत. कुणी लाखभर मागत असेल तर उठून या.

त्यापेक्षा एक करता येईल. आजवर या आजाराच्या जीन्सवरचं काम जास्त करून युरोपियन वंशाच्या लोकांवर झालंय. एलआरआरके२ जीनमधला जो दोष तिकडे सगळ्यात गाजलेला आहे तो भारतीय पेशंटमध्ये फार क्वचित सापडतो. मग आपल्या लोकांत काय आहे? ते आपल्याच लोकांच्या रक्तातून कळणार. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी रिसर्चसाठी सॅम्पल द्याल का असं विचारलं तर फॉर्म नीट वाचा, शंका विचारा आणि पटलं तर द्या. आणि काकू, काकांसोबत तुम्ही आला असाल तर तुमचंही द्या, तुम्हाला काही झालेलं नाही म्हणूनच. तेच वय, तेच घर, तेच पाणी, फक्त जीन्स वेगळे, तुलना करायला असं माणूस आम्हाला नेहमी कमी पडतं.